गोठ्याच्या कॅमेऱ्यातला पांढरा डाग

नोव्हेंबरात शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली. रात्री अडीच-पावणेतीनला कुत्री जीव खाऊन भुंकायला लागली, मग सगळी एकदम गप्प झाली. सकाळी नुसतं तुटलेलं दावं उरलं होतं. शेजारच्या काकी सहा वाजता आमच्या ओसरीवर आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमच्या गोठ्याच्या कॅमेऱ्यात आलं असंल बघा. तिकडूनच उसात गेलंय ते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे वस्तीवर लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात.

आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, मागे मागे नेत २ वाजून ४१ मिनिटांवर आणला. उजवीकडून एक लांबट पांढरा डाग आला, बांधावरून सरकत गेला आणि चार सेकंदांत डावीकडे उसात नाहीसा झाला. पाय दिसेनात, शेपूट दिसेना, डोकं कुठल्या बाजूला तेही कळेना. आमचे हे म्हणाले बिबट्या. सासूबाई म्हणाल्या तरस. भाऊजी म्हणाले, मोठं कुत्रं असणार, शेळी कुणीतरी चोरून नेली. तिघांनाही त्या डागात आपापलं जनावर दिसत होतं.

दुपारपर्यंत ती क्लिप कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकली. संध्याकाळी ती आमच्याकडेच फिरून आली तेव्हा खाली 'नरभक्षक बिबट्या' असं लिहिलेलं होतं आणि गावाचं नाव भलतंच होतं. वनरक्षक येऊन गेले. जमीन वाळून कडक झालेली, ठसे धड उमटलेले नव्हते. त्यांनी आमची क्लिप तीन वेळा पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, यावरून मला काहीच सांगता येणार नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात २२ पैकी ९ मुलं आली. बाकीच्यांच्या आयांनी पोरांना घराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आमचा भाग जुन्नर तालुक्यातला. कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसाच्या दाट आडोशाला बिबट्या कायमचा राहायला आला. इथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारण केंद्र आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो आणि ते वस्त्यांजवळून फिरायला लागतात. इथं रात्रीचा कॅमेरा चोरापेक्षा याच कामाला लागतो. आणि आमचा कॅमेरा रात्री नेमका आंधळा होता. दिवसा गाईच्या कानातला पिवळा बिल्ला दिसायचा, अंधार पडला की सगळं ताकासारखं. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी चार कॅमेरे बसवून दिले, त्यांना मी याआधी दोनदा फोन केला होता. "रात्रीचं असंच दिसतं मॅडम," एवढंच उत्तर. मीही ते खरं धरून बसले होते.

या वेळी मी भाच्याला फोन लावला. तो चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कॅमेऱ्यांतलं त्याला फार कळतं असं नाही, पण बिघाड कसा शोधायचा ते त्याच्या अंगात मुरलेलं आहे. तो म्हणाला, "मावशी, एका वेळी एकच गोष्ट बदल. बदलायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो ठेव. दोन गोष्टी एकदम बदलल्यास, तर फरक कशानं पडला ते तुला कधीच कळणार नाही." मी शाळेची एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर त्या दिवशीची तारीख टाकली.

फरक मोजायला मापही हवं होतं. 'जरा बरं दिसतंय' याला काही अर्थ नाही. वर्गातली अक्षरकार्डं घरी आणली, वीतभर उंचीच्या काळ्या अक्षरांची: म, भ, घ, ध. ही चार मुद्दाम निवडली, कारण पहिलीतली मुलं याच अक्षरांत अडखळतात आणि धूसर चित्रातही हीच एकमेकांत मिसळतात. गोठ्याच्या भिंतीपासून चुन्यानं ५, १० आणि १५ मीटरवर खुणा केल्या. १५ मीटरवर बांध आहे, त्याला लागून ऊस. रोज रात्री साडेआठला माझा मुलगा कार्ड धरून खुणांवर उभा राहायचा, हे बॅटरी आणि काठी घेऊन त्याच्या शेजारी, आणि मी आत टीव्हीसमोर. पहिल्या रात्रीची नोंद अशी: ५ मीटरवर अक्षरं ओळखली, १० वर म आणि भ सारखेच, १५ वर कार्ड आहे एवढंच कळतं.

सगळ्यात आधी मोबाइलचा विषय संपवला. फोनच्या ॲपमध्ये आपोआप हलक्या प्रतीचं चित्र येतं, नेट कमी खर्च व्हावं म्हणून. तिथं 'एचडी' निवडलं नाही तर चांगला कॅमेराही वाईटच दिसणार. म्हणून तपासणी नेहमी डीव्हीआरला जोडलेल्या टीव्हीवर करायची, असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या रात्री गोठ्याबाहेरचा मोठा दिवा लावला. उजेड पुरेसा होताच कॅमेऱ्यातून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि चित्र रंगीत झालं. १० मीटरवरचे म आणि भ वेगळे दिसले. दिवा बंद केला, पुन्हा 'टक्', चित्र काळंपांढरं आणि पुन्हा ताक. त्या 'टक्'मध्ये बरंच काही आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेडही दिसतो. दिवसा तो रंग बिघडवतो म्हणून सेन्सरपुढे एक गाळणकाच असते. अंधार पडला की ती काच बाजूला सरकते आणि भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. आमच्याकडचे दिवे ८५० नॅनोमीटरचे, अगदी जवळून पाहिलं तर मंद लाल ठिपके दिसतात. गाळणकाच अडकली असती तर दिवसा झाडं जांभळट दिसली असती किंवा रात्री निव्वळ काळोख आला असता. तसं काही नव्हतं. साध्या उजेडात चित्र ठीक येतंय, म्हणजे भिंग आणि सेन्सर धड आहेत. जे काही बिघडतंय ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या अवरक्त उजेडात. एका दिव्याच्या बटणानं निम्मा शोध उरकला.

तिसऱ्या दिवशी शिडी लावून वर चढले. काचेवर गोठ्यातली धूळ, कडबाकुट्टीचा भुसा आणि चुलीच्या धुराचा चिकट थर होता. घाईत पदराच्या टोकानं पुसली. रात्री चित्र आणखी वाईट! सगळीकडं तेलकट धुकं. चिकट थर निघाला नव्हता, नुसता पसरला होता. दिवसा ही काच कुणालाही स्वच्छच वाटेल, कारण दिवसा उजेड समोरून येतो. रात्री उजेड देणारे दिवे भिंगाला खेटून असतात आणि त्यांचा उजेड काचेवरच्या कणाकणावर तिरपा पडतो. पहाटे गाडीच्या काचेवर समोरच्या गाडीचा दिवा पडला की काच एकदम पांढरी होते, तसंच. मग आधी पाण्याचा फवारा मारून धूळ ओघळू दिली, साबणाच्या पाण्याचा एक हात दिला, आणि चष्म्याच्या कापडानं न दाबता कोरडं केलं. त्या रात्री १० मीटरवर म म्हणून दिसला. भ अजून अधांतरी.

पण तीनच दिवसांत चित्राच्या वरच्या कोपऱ्यात जाड पांढऱ्या दोऱ्या आल्या. वारा आला की त्या हलायच्या आणि डीव्हीआर प्रत्येक हालचालीला रेकॉर्डिंग सुरू करायचा. कोळी. भिंगाच्या वरच्या टोपीपासून खालच्या नळीपर्यंत त्यानं जाळं विणलं होतं. दिवसा ते मला शिडीवरूनही दिसेना, बोटाला लागलं तेव्हा कळलं. भिंगापासून दोन बोटांवरचा तो धागा अवरक्त उजेडात इतका चमकतो की कॅमेऱ्याला वाटतं, समोर भरपूर उजेड आहे. मग तो स्वतःच चित्र गडद करून घेतो आणि लांबचा बांध अंधारात जातो. जाळं काढलं की पुन्हा विणलं जायचं. मी त्याला बसलेलं पाहिलं तेव्हा कारण समजलं. आमच्या गोठ्याचा छोटा बल्ब कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर होता. बल्बवर किडे, किड्यांसाठी कोळी. बल्ब गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नेला, तेव्हापासून जाळं आठवड्यानं धरतं. दर रविवारी लांब काठीला बांधलेला मऊ कुंचा एकदा फिरवते. कुणीतरी रॉकेल चोळायला सांगितलं होतं, ते मी केलं नाही. काचेवर तेलाचा हात लागला की काय होतं ते पदरानं शिकवलं होतं.

तरीही चित्राच्या वरच्या बाजूला एक पांढरी झळाळी राहतच होती. एक जुनी काळी छत्री काठीला बांधून कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या बाजूंना धरत गेलो. पत्र्याच्या पन्हाळीसमोर छत्री आली की झळाळी जायची आणि मागचा ऊस उजळायचा. नवा जस्ती पत्रा, कॅमेऱ्याच्या वर वीतभर पुढे आलेला. जाळ्याचंच दुखणं, फक्त मोठ्या मापात. भाऊजींनी ब्रॅकेट काढून कॅमेरा दोन विती खाली घेतला. पन्हाळ चित्रातून गेली आणि बांध पहिल्यांदा सलग दिसला. तेव्हा एक नवल कळलं. अवरक्त उजेडात हिरवा ऊस पांढराशुभ्र दिसतो, बर्फ पडल्यासारखा, कारण हिरवी पानं हा उजेड भरपूर परतवतात. माझी काळी शालसुद्धा त्यात करडी येते. म्हणजे 'पांढरं काहीतरी गेलं' यावरून जनावराचा रंग ठरवणं मुळातच चुकीचं. आमच्याकडं दोन दिवस त्यावरूनही वाद चालला होता.

आता १० मीटर जमत होतं. १५ नाही.

इथं मी चार रात्री अडकले. फाटकावरचा कॅमेरा याच जातीचा, त्याच दिवशी घेतलेला, आणि तो रात्री चांगला दाखवायचा. मग फरक कशात? भाचा म्हणाला, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दोन्ही कॅमेऱ्यांचे दिवे बघ. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हे दिवे जांभळट पांढरे दिसतात. फाटकावरचे दिवे टपोरे दिसले. गोठ्यावरचे सगळे लागलेले, पण मिणमिणते, तेल संपत आलेल्या समईसारखे.

फाटक डीव्हीआरपासून १२ मीटरवर, गोठा ४५ मीटरवर. वीज दोन्हीकडे एकाच पेटीतून, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणाऱ्या हॉलमधल्या एसएमपीएसमधून जाते. हे म्हणाले, रात्री मोटारी चालू होतात, गावाचाच दाब उतरतो. मलाही आधी तसंच वाटलं. पण मल्टिमीटर लावला तर एसएमपीएसच्या तोंडाशी दिवसा १२.० आणि रात्रीही १२.०. तो बाहेरचा चढउतार सांभाळून घेतो. मग शिडीवर चढून गोठ्याच्या टोकाला डीसी पिनपाशी मोजलं: दिवसा ११.४, अंधार पडून दिवे लागल्यावर १०.२. वाटेत १.८ व्होल्ट गायब! दिवे लागले की कॅमेरा दिवसाच्या तिप्पट करंट ओढतो, आणि जितका करंट जास्त तितकी वायर जास्त खाते. आमची ती पांढरी थ्री प्लस वन केबल, आत एक चित्राची कोॲक्स आणि तीन बारीक वायरी. कापलेल्या टोकाला नख लावलं तर वरचा तांब्याचा रंग खरवडला गेला आणि आतून चंदेरी ॲल्युमिनियम निघालं. तांब्याचा मुलामा होता.

गोठ्यात वेगळा अडॅप्टर लावणं सोपं होतं, पण गोठा इन्व्हर्टरवर नाही. वीज गेली की नेमका हाच कॅमेरा बंद पडला असता, आणि इथं वीज रात्रीच जाते. म्हणून बाजारातून १ स्क्वेअर एमएमची खरी तांब्याची दोन पदरी वायर आणली आणि पाइपातून गोठ्यापर्यंत ओढली. एक अख्खा रविवार गेला. रात्री मोजलं तर ११.४, आधी दिवसा यायचे तेवढे. फोनमधून पाहिलं तर दिवे टपोरे. १५ मीटरवर मुलानं कार्ड धरलं आणि मी आतून ओरडले, "भ!" तो घ होता. पण अक्षर आहे हे तरी दिसायला लागलं होतं.

उरलेलं अपुरेपण कॅमेऱ्याचं नव्हतंच, ते डीव्हीआरमध्ये होतं. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये '१०८०एन' लिहिलेलं होतं. मी दोन वर्षं ते १०८० म्हणूनच वाचत आले. त्या 'एन'चा अर्थ असा की उंचीला १०८० ठिपके ठेवतात, पण रुंदीला १९२० ऐवजी ९६०. निम्मं चित्र साठवायच्या आधीच टाकून दिलं जातं आणि बघताना ताणून दाखवतात. फळ्यावर मांडावं तसं वहीत मांडलं. १५ मीटरवर आमचा कॅमेरा साधारण २२ मीटर रुंदीचा पट्टा बघतो. ९६० भागिले २२, म्हणजे मीटरला ४४ ठिपके. वीतभर अक्षराच्या वाट्याला ९-१० ठिपके. तेवढ्यात म आणि भ कसे वेगळे काढणार? पूर्ण १०८०पी ठेवलं तर मीटरला ८७, अक्षराला १९-२०. आमच्या डीव्हीआरला पूर्ण चित्र घेताना सेकंदाला १५ फ्रेमच झेपतात, पण जनावर ओळखायला १५ फ्रेम पुष्कळ झाल्या. फक्त गोठ्याच्या चॅनलला हे केलं आणि त्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची ते माप, १०२४ वरून ३०७२ केला, नाहीतर रात्रीची खरखरच सगळी जागा खाते आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. एक टीबीच्या डिस्कवर पूर्वी २३ दिवस राहायचे, आता १५ राहतात. एखादी घटना पंधरा दिवस कुणी बघितलीच नाही असं आमच्या घरात होत नाही.

त्या रात्री १५ मीटरवर चारही अक्षरं ओळखली. वहीत तांबड्या शाईनं लिहिलं.

आणि दुसऱ्या रात्री आमचा मोती बांधावरून पळाला, तर पुन्हा तोच लांबट पांढरा डाग!

मी खरंच हादरले. उभं राहिलेलं माणूस स्पष्ट, हातातलं अक्षर स्पष्ट, आणि पळणारं कुत्रं म्हणजे ढगाचा तुकडा. मग लक्षात आलं की इतके दिवस मी फक्त स्थिर वस्तू तपासत होते. बिबट्या काही कार्ड धरून उभा राहणार नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा एक मेनू असतो, तो डीव्हीआरच्या पीटीझेडच्या, म्हणजे एरवी कॅमेरा फिरवायच्या, बटणांतून उघडतो. त्यात शटर 'ऑटो', आणि खाली 'स्लो शटर ×४' चालू होतं. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबानं एका फ्रेमला जो वेळ मिळतो, त्याच्या चौपट वेळ शटर उघडं, म्हणजे ०.१६ सेकंद. चित्र उजळ दिसावं म्हणून केलेली सोय. आता नोव्हेंबरातली ती क्लिप. २२ मीटरचा पट्टा चार सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. साडेपाच गुणिले ०.१६: ८८ सेंटिमीटर. शटर उघडं असताना ते जनावर जवळजवळ दोन हात पुढे सरकत होतं आणि तो सगळा प्रवास एकाच फ्रेममध्ये माखला जात होता. आम्ही ज्याला अंगाची लांबी समजत होतो, त्यात निम्मी लांबी त्याच्या पळण्याची होती. बिबट्या, तरस की कुत्रं, हा वाद ज्या लांबीवरून चालला ती लांबीच खरी नव्हती.

ते गणित मी पुन्हा करून पाहिलं आणि मग वर्गात चौथीच्या मुलांनाही घातलं. ती मुलंच त्या क्लिपला घाबरून घरी बसली होती. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, ते एवढं मोठं नव्हतंच?" मी म्हटलं, किती मोठं होतं ते माहीत नाही, पण चित्रात दिसतं तेवढं नक्कीच नव्हतं. तिनं ते घरी जाऊन आजीला सांगितलं.

स्लो शटर बंद केलं आणि शटर १/५० ला बांधलं. आता साडेपाच मीटरच्या वेगाला एका फ्रेममध्ये ११ सेंटिमीटर सरकणं उरलं. चित्र अर्थातच गडद झालं. आधीच्या स्थितीत, म्हणजे मळकी काच, जाळं, चमकणारी पन्हाळ आणि मिणमिणते दिवे असताना हे केलं असतं, तर काळ्या पाटीशिवाय काही दिसलं नसतं. आता बांध दिसत होता, उसाची कड अंधारात गेली. तेवढं चालेल. शिवाय 'डीएनआर' नावाची खरखर पुसणारी सोय सगळ्यात वरच्या पातळीवर होती. ती मागच्या फ्रेम पुढच्यांत मिसळते, त्यामुळे हलणाऱ्या वस्तूच्या मागे भुतासारखी सावली राहते. ती मधल्या पातळीवर आणली. थोडी रवाळ खरखर आली, पण मोतीचे चार पाय वेगळे मोजता आले. मुलाला बांधावरून चार वेळा पळायला लावलं, कार्ड हातात धरून. शेवटच्या खेपेला पळतानाचं अक्षरही लागलं.

मागच्या दाराचा घुमटाचा कॅमेरा वेगळ्याच कारणानं धुकट होता आणि ते पाच मिनिटांत निघालं. त्या घुमटाच्या आत भिंगाभोवती मऊ फोमची कडी असते. ती घुमटाला नीट टेकली नाही तर दिव्यांचा उजेड आतल्या आतच भिंगात शिरतो. कडी सरकली होती, दाबून बसवली. घुमटाबाहेर दुकानातली पातळ पारदर्शक फिल्मही अजून तशीच चिकटलेली होती, कडेला सुरकुतलेली. दोन वर्षं.

डिसेंबरात थंडी पडली आणि पहाटे चारनंतर गोठ्याचं चित्र पुन्हा दुधाळ व्हायला लागलं. रात्री अकराला लख्ख, पहाटे धुकं, नऊ वाजता पुन्हा लख्ख. बाहेरचं दव असेल म्हणून काच पुसली, पण थेंब आतल्या बाजूला होते. आता कॅमेरे बसवणाऱ्या दुसऱ्या एका दादांना बोलावलं होतं. त्यांनी आधी कॅमेऱ्याच्या शेपटाकडंच पाहिलं. बीएनसी (चित्राची पिन) आणि डीसी (विजेची) पिनचा जोड भिंतीवर उघडा लोंबत होता, आणि पावसाळ्याचं पाणी त्या वायरीच्या आतून वर चढत गेलं होतं. त्यांनी कॅमेरा उघडून दिवसभर उन्हात ठेवला, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी सरकवली, मागचा रबर नवा घातला आणि जोड बंद डब्यात नेऊन वायरीला डब्याखाली एक झोळ दिला, पाणी तिथूनच टपकून जावं म्हणून. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "बाई, याचे फोटो काढून घेऊ का? गिऱ्हाइकांना दाखवतो." मी घ्या म्हटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या वावरातली तोड झाली. तिसऱ्या रात्री ४ वाजून ५२ मिनिटांनी तो आला. या वेळी पळत नव्हता, बांधावरून चालत होता. मी फ्रेम थांबवली. खांदा खाली, डोकं जमिनीला समांतर, लांब शेपटीचं टोक वर वळलेलं, आणि कुशीवर काळी फुलं. एक एक मोजता येतील अशी. सासूबाई चष्मा लावून अगदी टीव्हीला नाक लावून बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "वाघरूच गं."

नोव्हेंबरातलं ते जनावर कोणतं होतं हे आता कधीच कळणार नाही. पण ही क्लिप ग्रुपवर टाकायची नाही, हे घरात सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. तीन फ्रेम वेळेसकट वनरक्षकांना पाठवल्या. त्यांचा फोन सात वाजता आला. बिबट्याच, पूर्ण वाढलेला, बांधाची ती पायवाट त्याची वहिवाट दिसते, असं म्हणाले. त्याच दुपारी येऊन त्यांनी बांध पाहिला. ओल्या सरीत ठसा मिळाला, नखं न उमटलेला, गोल. त्याआधीच, सव्वासातला, मी आणि शेजारच्या काकी घरोघरी जाऊन आलो होतो. फ्रेम दाखवली, बांध कोणता ते सांगितलं, मुलांनी तिकडून यायचं नाही, डांबरी रस्त्यानं एकत्र यायचं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक.

त्या दिवशी वर्गात २२ पैकी २१ मुलं होती. एकाला ताप होता.